रेशमिकाच्या लग्नाला बाजा कुणाचा

लौटोका, ४ फेब्रुवारी २००२

प्रिय हरख,

राम राम. ब्रिस्बेनच्या उन्हाळ्यात बेकरीच्या भट्टीपुढे उभं राहायचं म्हणजे काय होत असेल ते तुलाच ठाऊक. मीठ घालून लिंबूपाणी पीत जा.

बातमी ही की रेशमिकाचं लग्न ठरलं. मुलगा तावुआचा, नाव प्रनील. बापाच्या टायरच्या दुकानात बसतो. दारू पीत नाही असं त्याची आई म्हणते. यांगोनाच्या मुळ्यांचं नशेचं पाणी मात्र पितो असं तो स्वतःच बोलून मोकळा झाला, म्हणजे मुलगा खोटारडा नाही. लग्न जूनच्या पहिल्या शनिवारी. मांडव इथेच, माझ्या दिरांच्या अंगणात. आपलं गाव सुटलं ते सुटलं. तिथे आता घराचे खांबही उभे नाहीत म्हणतात, मग मांडव कुठे घालणार?

तिच्या बापाचं वर्षश्राद्ध होऊन गेलंय, तेव्हा लोकांनी नाव ठेवायला जागा नाही. पण कन्यादानाला कुणीतरी माहेरचं पाहिजे. तू ये. सुट्टी आत्ताच मागून ठेव.

पंडित ठरला, स्वयंपाकाला भंडारी ठरला. बाज्याला डीजे सांगितलाय. इथलाच आहे, स्वतःचे स्पीकर आणतो. तुला काही आणायला नको, नुसता ये.

तुझी दीदी,
धनवंती


ब्रिस्बेन, २० फेब्रुवारी

दीदी,

सीताराम. पत्र वाचलं आणि भट्टीतले पाव करपू दिले. मुकादम ओरडला. त्याला म्हटलं, "भाचीचं लग्न ठरलंय, आज करपलेलेच खा."

पण दीदी, डीजे? आपल्या घरात? लहर ऑर्केस्ट्रावाल्या हरखच्या भाचीला डीजे? अगं, हे म्हणजे हलवायाच्या घरी बिस्किटांवर पाहुणचार! नदीकाठच्या गावांत लग्न जमलं की लोक आधी आपली तारीख विचारायचे आणि मग पंडिताची. तुझ्या स्वतःच्या लग्नात मी पायपेटीवर होतो. पाय खाली पोचत नव्हते, म्हणून नानाने विटा ठेवल्या होत्या. आणि पलीकडच्या गावातून आपिसाई घोड्यावर आला होता, पाठीला कुणाचीतरी मागून आणलेली गिटार. आपल्यातला नव्हे, बेटावरचा मूळचा काईवीती पोरगा आपल्या भाषेतली बिदाईची गाणी म्हणतोय म्हटल्यावर वरातीतल्या म्हाताऱ्या रडायच्या विसरून त्याच्याकडेच बघत बसल्या. जीजा तर डोक्यावर कळशी घेऊन नाचला होता. नवरदेव स्वतः! साखरेनं त्याला नेलं नसतं तर पोरीच्या लग्नातही नाचला असता.

तेव्हा ऐक. डीजेला नाही म्हणून सांग. मी आपिसाईला कालच पत्र टाकलं. ढोलकवर मुनसामी अजून आहे, त्याला आपिसाई घेऊन येईल. मी माझी पेटी घेऊन येतो. आम्ही तिघं पुरे. डीजेला काय, बटण दाबलं की गाणं. नवरीच्या डोळ्यात पाणी कधी येतं आणि सूर कधी खाली आणायचा, हे बटणाला कळतं का?

रेशमिकाला सांग, मामा येतोय.

हरख


लौटोका, १ मार्च

हरख,

तुला कुणी सांगितलं होतं उठून पत्र टाकायला? विचारायचं तरी. डीजेला शब्द दिलाय. मुलाकडच्यांनाही डीजेच हवा. त्यांच्याकडे सगळी तरुण पोरं, त्यांना नवीन गाणी लागतात. अंगण लहान, तुम्ही बसणार कुठे? आणि मुनसामीचे हात आता थरथरतात.

आपिसाईला कळव की लग्नाला बाजा ठरलाय, यायचं कारण नाही. आजच कळव. तू ये, पेटी आणू नकोस. विमानात फुटायची.

धनवंती


ब्रिस्बेन, १७ मार्च

दीदी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मुलाकडच्यांचं कारण खोटं आहे. मी प्रनीलच्या बापाला दुकानात फोन केला. तो म्हणाला, "आम्हाला काय, बाजा असला म्हणजे झालं. ऑर्केस्ट्रा असेल तर फारच उत्तम." म्हणजे पाणी दुसरीकडेच मुरतंय.

मला कळतंय ते कुठे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सरकार उलथलं तेव्हा आपल्या हिंदुस्थानी लोकांचं जे झालं ते मी इथे टीव्हीवर बघत होतो. तुमची घरं गेली, गुरं गेली, आल्याचं उभं पीक गेलं. तुमच्या मनात कडवटपणा बसला तर मी कोण नावं ठेवणार? मी तर चौदा वर्षांपूर्वीच पळून आलोय. पण दीदी, सगळ्या काईवीतींना एकाच दोरीत बांधायचं? आपिसाईला पण? पुरात त्याच्या बापाने आपल्या अम्माला पाठीवर घेऊन नदी ओलांडली होती. ती कुणाच्या हातची रोटी खायला तयार नव्हती, आणि त्याच्या पाठीवर बसून रामनाम घेत होती! त्या घरातला मुलगा आहे तो. मी इथून दर दिवाळीला त्याला गिटारच्या तारा पाठवतो. या दोन वर्षांत त्याची पत्रं आखूड झाली आहेत, त्यालाही लाज वाटत असेल आपल्या लोकांची.

त्याचं उत्तर आलंय. नेहमीसारखं आपल्याच भाषेत, वेड्यावाकड्या अक्षरात. एवढंच लिहिलंय: "दीदीने बोलावलं तर येईन. तिने स्वतः बोलावलं तरच." बघ, मानापमान किती जाणतो! तू दोन ओळी लिही, तो धावत येईल.

राग येईल तुला, पण लिहितो. जीजा असता तर असा हट्ट केला नसता. तो स्वतः गेला असता आणि आपिसाईच्या खांद्यावर हात टाकून त्याला घेऊन आला असता.

हरख


लौटोका, २ एप्रिल

हरख,

तू जीजाचं नाव घेतलंस म्हणून आता लिहिते. तुझ्या जीजानेच मला शपथ घातली होती. म्हणाला होता, "हरखला सांगू नकोस. परक्या मुलखात एकटा आहे, त्या एका दोस्तावर तो जगतो. त्याचं ते तरी राहू दे." मरणाऱ्याची शपथ मी आज मोडते आहे. पाप लागलं तर मला लागो.

तुझा जीजा साखरेने गेला नाही.

त्या दिवशी दुपारी ते आले. गुरांना पाणी दाखवायची वेळ. आधी दोन दिवस निरोप येत होते, निघून जा म्हणून, पण तुझा जीजा म्हणायचा, "ही आपलीच माणसं आहेत, ओरडतील आणि जातील." रेशमिकाला मात्र मी सकाळीच पाद्रीच्या बायकोकडे पाठवलं होतं. मेरेआनीने तिला स्वतःच्या पलंगाखाली लपवलं आणि वर आपली आजारी सासू झोपवली. तू मला विचारतोस, सगळ्या काईवीतींना एका दोरीत बांधते का? माझी पोर जिवंत आहे ती एका काईवीती बाईमुळे. लग्नाचं पहिलं आमंत्रण मी तिला दिलंय, तुला नाही.

ते वीसपंचवीस असतील. तोंडाला फडकी बांधलेली. कुणी गोठ्यात शिरले, कुणी पत्रे काढायला छपरावर चढले. मी आणि तुझा जीजा पायरीवर उभे. एवढ्या सगळ्यांत एकाच माणसाचं तोंड उघडं होतं. तो फाटकाजवळ उभा होता, हात रिकामे, कशालाही शिवत नव्हता. आपिसाई.

तुझ्या जीजाच्या जिवात जीव आला रे. हसला तो. मला म्हणाला, "आपी आलाय, आता काही होत नाही." आणि मोठ्याने हाक मारली, "आपिसाई! अरे भैया, सांग ना यांना! पत्रे न्या म्हणावं, एक दुभती गाय तेवढी राहू द्या!"

आपिसाई खाली बघायला लागला.

पुन्हा हाक मारली. नावाने. त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. मग तुझा जीजा त्याच्याकडे चालायला लागला. वाटलं असेल, जवळ गेल्यावर तरी बोलेल. पंपाचा लोखंडी नळ उखडलेला एकाच्या हातात होता. त्याने मागून घातला. डोक्याच्या डाव्या अंगाला, कानाच्या वर. तुझा जीजा आपिसाईच्या पायाशीच पडला. आणि आपिसाई वळला आणि रस्त्याने निघून गेला. पळाला नाही. चालत गेला.

त्यानंतर तुझा जीजा सात महिने जगला. डावा कान गेला, बोलताना शब्द सापडेनासे झाले, डोकं धरून बसायचा. शेवटी डोक्यात रक्त साकळलं. साखर त्याला होतीच, म्हणून लोकांना ते सांगायला सोपं पडलं. पोलिसांनी विचारलं, मारणारा कोण? मी काय सांगणार? फडकी होती. सगळ्यांना ओळखणारा एकच माणूस होता, आणि तो कुठल्याही चौकीत गेला नाही.

तू म्हणतोस बटणाला काय कळतं. खरं आहे, काही कळत नाही. म्हणून तर मला ते बटण हवंय. बिदाईच्या वेळी मी पोरीला मिठी मारीन आणि मागून त्याचा आवाज येईल, तो गोड आवाज, तर मी काय करीन ते मला माहीत नाही. जो आवाज तेव्हा निघाला नाही तो मला आता ऐकायचा नाही.

मी काही त्याला बोलवायची नाही.

धनवंती


ब्रिस्बेन, ५ मे

दीदी,

उत्तराला उशीर झाला. लिहायला घ्यायचो आणि कागद फाडायचो.

आधी तुझ्यावर राग आला. दोन वर्षं तू मला त्याच्याशी हसूखेळू दिलंस. जीजा गेल्यावर मी त्यालाच पत्र लिहून रडलो होतो, माहितीये? लिहिलं होतं, "माझा जीजा गेला, तू त्याला शेवटचं भेटलास का?" त्याने उत्तर लिहिलं, "हो, भेटलो." ते पत्र मी जपून ठेवलं होतं. काल भट्टीत टाकलं.

मग तुझ्यावरचा राग गेला. तू काय काय एकटीने गिळलंस ते डोळ्यासमोर आलं. आणि मी तुला वर हट्टी म्हणालो.

डीजेच ठेव. चांगला मोठ्याने वाजवायला सांग.

दीदी, मी येत नाही. रागावू नकोस. तिकीट काढलं होतं, परत केलं. आलो तर मी लौटोकाला थांबणार नाही. बस धरून त्याच्या गावी जाईन, आणि गेलो तर हातून काय होईल त्याचा मला भरवसा नाही. तुझ्या मांडवातून एक माणूस आधीच गेलेला आहे, दुसरा तुरुंगात नको. कन्यादान तुझे दीर करतील. रेशमिकाला सांग, मामाला सुट्टी मिळाली नाही. ती ओळखेल खोटं आहे ते, पण सांग.

आपिसाईला मी एकच ओळ लिहिली. "मला सगळं कळलं." खाली नाव घातलं नाही.

हरख


लौटोका, ९ जून

प्रिय हरख,

लग्न झालं. पोर सुखरूप तावुआला पोचली. काल आली होती, हात अजून मेंदीने लाल आहेत. मला म्हणाली, "सासूबाई भात फार मऊ करतात." एवढीच तक्रार असेल तर देव पावला.

आता जे लिहिते ते तू शांतपणे वाच.

शनिवारी सकाळी नवरीला हळद लावत होतो. माझी जाऊ आत आली. "फाटकाबाहेर कोणीतरी काईवीती बसलाय. चटई अंथरून, मान खाली घालून. उठत नाही, बोलत नाही." मी खिडकीतून पाहिलं. आपिसाई. केस पांढरे झालेत रे त्याचे. कमरेला गुंडाळलेला ठेवणीतला सुलू, पुढ्यात कापडावर ठेवलेला देवमाशाचा दात. दात पुढे ठेवून माफी मागायची त्यांची जुनी रीत. पण त्यासाठी घरचे थोर येतात, गावातर्फे कोणी बोलतो. हा एकटाच आला होता. म्हणजे गावाला न सांगता.

बायका कुजबुजायला लागल्या. मेरेआनी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "दात उचललास तर माफ केलंस. नाही उचललास तर तो परत घेऊन जाईल. तुझ्या मनात असेल ते कर. कुणी काही म्हणणार नाही."

मी काहीच करू शकले नाही. लग्नाच्या दारातून माणूस उपाशी जाऊ नये म्हणून ताट पाठवलं. त्याने हात लावला नाही. ऊन चढत गेलं. डीजे येऊन त्याच्या शेजारूनच स्पीकर आत नेत होता. दोनदा म्हणाला, "अंकल, जरा सरका." तो सरकला आणि परत बसला.

मी आत बसून राहिले, आणि तेवढ्यात रेशमिका उठली. अंगाला हळद, डोक्यावर पिवळी ओढणी. नवरीने मांडवाबाहेर जायचं नसतं. जाऊ ओरडली, "अगं, कुठे चाललीस?" ती थांबली नाही. मी मागे धावले.

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, "आपी मामा, वर बघा."

त्याने वर बघितलं. डोळ्यातून पाणी चाललं होतं. "बेटी," म्हणाला, "मला बोलायला..."

"नंतर रडा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "माझ्या बापाला ज्याने मारलं त्याचं नाव काय?"

त्याची नजर पुन्हा दाताखालच्या कापडावर गेली.

"फडक्यामागे कोण होता ते तुम्हाला माहीत आहे. माहीत आहे की नाही?"

त्याने मान हलवली. हो.

"मग चौकीत जा आणि नाव सांगा. आज नको, सोमवारी जा. मग हा दात घेऊन या. मी उचलीन, माझ्या आईने नाही उचलला तरी मी उचलीन."

तो म्हणाला, "माझ्या मामाचा मुलगा आहे बेटी. सगळे माझ्या घरातलेच आहेत. नाव घेतलं तर मला गाव राहणार नाही."

"आम्हाला राहिलं का?" ती म्हणाली.

मग तिने तो दात कापडात गुंडाळला, दोन्ही हातांनी, अगदी आदराने, आणि त्याच्या हातात परत दिला. उठली आणि आत गेली. तिच्या हळदीचे बोटांचे ठसे त्या कापडावर राहिले. तो बराच वेळ बसून होता, मग चटई गुंडाळून बसस्टँडकडे गेला.

आत येऊन ती म्हणाली, "डीजेला सांगा चालू कर." त्याने असा काही धडाका लावला की पंडिताला मंत्र ओरडून म्हणावे लागले. प्रनीलचे दोस्त नाचले, माझे दीरही नाचले. बिदाईला त्याच्याकडे जे होतं ते गाणं त्याने लावलं. पोर मला बिलगली तेव्हा ते अर्ध्यातच संपलं आणि पुढचं नाचाचं सुरू झालं. तो बिचारा धावला बंद करायला. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. कुणाला हसावं की रडावं कळेना. मला मात्र ते बरं वाटलं, हरख. त्या आवाजाला आमच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं.

तुझी आठवण झाली.

दीदी


लौटोका, २७ ऑक्टोबर

प्रिय हरख,

तुझं पत्र नाही. फोन केलास तोही हवापाण्याचाच. मी समजू शकते. पण हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

आपिसाईने नावं दिली.

सोमवारी नाही, पुढच्या सोमवारीही नाही. ऑगस्ट संपताना गेला. त्याच्या गावच्या चौकीत नाही गेला, थेट राजधानीत, सुव्यापर्यंत गेला, कारण गावच्या चौकीतला हवालदार त्यांचाच पाहुणा. चार नावं दिली. पाचवं स्वतःचं. दोघांना धरलंय. नळ मारणारा त्यांत आहे.

गावाने त्याला बाहेर काढलं. गिटार अंगणात आणून फोडली म्हणे, आणि घर पाडलं. त्याचीच माणसं, त्याच हातांनी. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली. ती म्हणाली, "तुला बोलायचंच होतं तर तेव्हा बोलायचं होतंस. तेव्हा बोलला असतास तर एक माणूस वाचला असता. आता बोलून आमचंही घर घालवलंस." तिचं तरी काय चुकलं?

आपिसाई आता इथे बंदराच्या धक्क्यावर साखरेची पोती उचलतो. गेल्या रविवारी दारात येऊन उभा राहिला. या वेळी हातात काही नव्हतं. म्हणाला, "दीदी, नावं दिली."

मी म्हटलं, "कळलं."

मग मी म्हटलं, "कोर्टात मलाही बोलावतील. तू फाटकाशी उभा होतास आणि गप्प राहिलास, ते मी सांगणार आहे. काही वगळणार नाही."

तो म्हणाला, "सांग. मीही तेच सांगणार आहे."

मी पाणी दिलं. तो उभ्यानेच प्यायला आणि गेला. बस म्हटलं नाही मी. जीभ वळली नाही. रेशमिकाने तिचा शब्द पाळला. तावुआहून धक्क्यावर येऊन तो दात उचलून नेला, आता तिच्या देव्हाऱ्याशेजारी आहे. मला विचारलं, "अम्मा, तू?" मी तिला सांगितलं, तुझं तू केलंस. माझ्यावर लादू नकोस. मला ते जमेल असं वाटत नाही. माझ्या डोळ्यापुढे तो अजून रस्त्याने चालत जातोच आहे.

तू त्याला लिहावंस की नाही, ते तुझं तू ठरव. मी सांगणार नाही. तो तुझ्याबद्दल काही विचारत नाही.

तारीख पुढच्या महिन्यात लागली आहे, सुव्याच्या कोर्टात. वेळेत पोचायचं तर पहाटेची बस एकच आहे. त्याला दुसऱ्या बसने ये म्हणावं तर तो उशिरा पोचेल, आणि तो उशिरा पोचून चालणार नाही. माझ्या नवऱ्याला कुणी मारलं, हे सांगणारा तेवढाच एक माणूस आहे माझ्याकडे. म्हणून धक्क्यावर निरोप पाठवलाय, पहाटेच्याच बसने ये, चुकू नकोस.

मी पुढच्या बाकावर बसेन. तो मागे बसेल.

तुझी दीदी,
धनवंती